कलम सात आणि डावा हात

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठे प्रशासक लिहितात. मीही अकरा वर्षं तरणतलाव चालवतोय. व्यवस्थापक म्हणून. कोणी वाचणार नाही, त्यामुळे फक्त खरं लिहीन.

आजची कामगिरी: एका सभासद बाईला पाण्यात उतरण्यापासून रोखलं. चौथ्या लेनची बाई. शाळेत गणित शिकवायची, आता रिटायर. रोज सकाळी साडेसहाला येते, वीस फेऱ्या मारते, सगळ्या एकाच वेगाने. रजिस्टरवर सही करताना तिच्या उजव्या हाताच्या पाठीवर लालसर गोल दिसला. कडेला उंचवटा, मध्ये कातडी साफ. मी लगेच पाटीकडे बोट केलं. कलम सात: त्वचारोग असणाऱ्यांस पाण्यात उतरता येणार नाही. कलम मीच लिहिलंय. बाकीची सहाही मीच, पण सातवं जास्त जमलंय.

बाई म्हणाली, हे कोणाला लागत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय, याला ग्रॅन्युलोमा अ‍ॅन्युलेअर म्हणतात. मी म्हटलं, बाई, एवढं लांब नाव साध्या गोष्टीला कोण ठेवतं? मागे वीसेक माणसं रांगेत होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. पारदर्शक कारभार.

तिने कारण लेखी मागितलं. लिहून दिलं: ‘वर्तुळ संषयास्पद.’ तिने वाचलं, पेन काढलं, ‘ष’चा ‘श’ केला आणि निघून गेली. गणिताच्या बाईने शुद्धलेखनात नाक खुपसायचं कारण नव्हतं.

५ मार्च, बुधवार
बाईने डॉक्टरचं सर्टिफिकेट पाठवलं. त्यावर लाल शाईत शेरा मारला: ‘ग्राह्य नाही. सदर डॉक्टर त्वचेचे आहेत, तलावाचे नाहीत.’

वाक्य झकास जमलं. घरी बायकोला वाचून दाखवलं. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्ट स्पष्ट लागते. याचा अर्थ काय, म्हणाली. काही वाक्यांना अर्थ नसतो, वजन असतं. हे तिला कोण सांगणार.

शिट्टी दिवसभर गप्प. शिट्टी म्हणजे आमची जीवरक्षक. आठ वर्षांत तोंडातली शिट्टी काढलेली मी पाहिली नाही, कडेने बोलते. एवढंच म्हणाली की बाई नऊ वर्षं पोहतायत, कोणाला काही झालं नाही सर. मी म्हटलं, त्याला नशीब म्हणतात, व्यवस्था नाही.

१० मार्च, सोमवार
हस्तपरीक्षा मोहीम सुरू! प्रत्येकाने आधी हात धुवायचे, मग दोन्ही हात दाखवायचे. पुढून, मागून. मी टॉर्च आणि भिंग घेऊन बसलो. भिंग बायकोच्या दुकानातून उसनं. पाटी नवी केली: ‘कोणत्याही पदावरील कोणालाही अपवाद नाही.’

एकूण त्रेसष्ट माणसं तपासली. निष्पन्न: एक तीळ, एक जुना डाग, आणि एका मुलीने मनगटावर पेनाने काढलेलं घड्याळ. (दहा वाजून दहा मिनिटं. चुकीचं होतं.) रांग गेटच्या बाहेर गेली. शिट्टी म्हणाली, सर, लोकांचा नंबर लागेपर्यंत त्यांची वेळ संपतेय, पाण्यात कोणीच नाही. मी म्हटलं, मग पाणी बघ किती स्वच्छ राहिलंय.

१२ मार्च, बुधवार
मोहिमेचा अहवाल कमिटीला पाठवला. नऊ पानं. पलीकडच्या मैदानात नवा बंदिस्त तलाव होतोय. तो झाला की दोन्ही तलावांना मिळून एक मुख्य व्यवस्थापक नेमणार. माझ्याशिवाय कोणी दिसत नाही. बायकोने विचारलं, तुला तसं कोणी म्हणालंय का? नाही कुठे म्हणालंय, असं मी विचारलं. ती पोळ्या लाटायला उठली. मुद्दा बरोबर होता.

१९ मार्च, बुधवार
डाव्या हाताच्या पाठीवर मधल्या बोटाच्या खाली तीन बारीक पुटकुळ्या. डास.

२७ मार्च, गुरुवार
डास शिस्तीचा असावा. अर्धवर्तुळात चावलाय.

४ एप्रिल, शुक्रवार
अर्धवर्तुळ पूर्ण झालं.

घाबरण्याचं कारण नाही. शांतपणे शोध घेतला. चहाच्या कपाचा तळ लावून पाहिला, जुळला नाही. पेला लावला, नाही. बाटलीचं झाकण लावलं. जुळलं! म्हणजे झाकणावर हात टेकून बसलो असणार. दोन आठवडे. अशक्य नाही. मी कामात असलो की मला भान राहत नाही.

७ एप्रिल, सोमवार
बाईच्या वर्तुळाशी माझ्या वर्तुळाचा काहीही संबंध नाही. कारणं: तिचं उजव्या हाताला, माझं डाव्या. तिचं जुनं, माझं ताजं. तिला रोग झालाय, मला कामाचा ताण आहे.

तरी सावधगिरी म्हणून बँडेज बांधलं. शिट्टीने विचारलं, तिला सांगितलं की इस्त्रीचा चटका बसला. बायकोला सांगितलं, लॉकरच्या दारात सापडला. मुलीला सांगितलं, मांजराने ओरबाडलं. प्रत्येकाला पटेल असं वेगळं कारण द्यावं लागतं. याला माणसं सांभाळणं म्हणतात.

९ एप्रिल, बुधवार
औषधाच्या दुकानात गेलो. एका मित्राला हातावर गोल उठलाय, असं सांगितलं. दुकानदाराने विचारलं, मित्राचा केवढा आहे? मी बँडेज सोडून दाखवलं. गजकर्णाचं मलम दिलं. मित्राला दिवसातून दोनदा लावायला सांगा, म्हणाला. चांगला माणूस आहे, फार चौकशी करत नाही.

१२ एप्रिल, शनिवार
जेवताना गडबड झाली. बायको सहज म्हणाली, लॉकर नीट बसवून घे. मुलगी म्हणाली, लॉकर कुठला, मांजर ना? त्यावर बायकोने सांगितलं की शिट्टी परवा चष्मा घ्यायला दुकानात आली होती, ती इस्त्रीचं काहीतरी बोलत होती. आणि लग्न झाल्यापासून तू इस्त्रीला हात लावलेला नाहीस.

बँडेज सोडावं लागलं. बायकोने दिवा जवळ घेतला आणि भिंग आणलं. तेच भिंग. मी आजच परत केलं होतं.

मुलगी अकरावीत आहे. तिने मोबाइलवर दोन मिनिटं काहीतरी चाळलं आणि म्हणाली, बाबा, हे ग्रॅन्युलोमा अ‍ॅन्युलेअर दिसतंय, पण डॉक्टरांना दाखवा. मी म्हटलं, आधी रसायनशास्त्रात पास हो. ती म्हणाली, घाबरू नका, हे निरुपद्रवी असतं. हा शब्द मला लागला. ज्याने माझी भूक घालवली ते निरुपद्रवी? (दोनदाच वाढून घेतलं.)

गजकर्णच आहे असं मी जाहीर केलं. वेगळा टॉवेल, वेगळा साबण, वेगळी खुर्ची. बायको म्हणाली, वीस वर्षं सांगतेय ओला टॉवेल पलंगावर टाकू नकोस, शेवटी रोगाने ऐकवलं.

१६ एप्रिल, बुधवार
मलमाचा आठवा दिवस. मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन मोजलं. गेल्या बुधवारी एकोणीस मिलिमीटर, आज एकवीस. वर्तुळाला मलम मानवलेलं दिसतंय. छान तकाकी आलीय.

१८ एप्रिल, शुक्रवार
कमिटीचं पत्र! अध्यक्षांनी नऊही पानं वाचली. मंगळवारी स्वतः मोहीम पाहायला येणार. मुख्य व्यवस्थापकपद खिशात. आता फक्त तो खिसा आणि त्यात घालायचा हात, एवढाच प्रश्न.

२१ एप्रिल, सोमवार
उपाय सापडला. मुलीचा मेकअप. तिच्याकडे कातडीच्या रंगाची तीन क्रीम आहेत. तिन्ही लावून पाहिली, शेवटी मधलं घेतलं, वर पावडर. वर्तुळ गायब! बायकोने पाहिलं आणि म्हणाली, हात कपड्याच्या दुकानातल्या पुतळ्यासारखा दिसतोय. पुतळ्यांना त्वचारोग नसतो, हे तिच्या लक्षात आलं नाही.

२२ एप्रिल, मंगळवार
लिहायला नको वाटतंय. पण खरंच लिहायचं ठरलंय.

अध्यक्ष दोन सभासदांसोबत आले. पाटी मोठ्याने वाचली. कोणत्याही पदावरील कोणालाही अपवाद नाही, वा, म्हणाले. मग हसून म्हणाले, चला तर, व्यवस्थापकांपासूनच सुरुवात करू.

भिंग दुकानातून पुन्हा उसनं आणलं होतं, ते शिट्टीच्या हातात होतं. मी उजवा हात पुढे केला. शिट्टी म्हणाली, दोन्ही सर. मी दोन्ही केले. ती म्हणाली, आधी धुवायचे सर.

हा नियम कोणी केला, असं माझ्या मनात आलं आणि मीच केला हेही लगेच आलं. नळाखाली हात धरला. बोटं नुसती भिजवून काढायचा विचार होता. अध्यक्ष म्हणाले, साबण लावा की. बेसिनमधून तपकिरी ओघळ निघाला. सगळे तिकडेच बघत राहिले, मीही बघत राहिलो. ओघळ संपला तेव्हा हातावर वर्तुळ होतं, चांगलं घासून लखलखीत.

शिट्टीने तोंडातली शिट्टी काढली. पहिल्यांदा. आणि अगदी हळू म्हणाली, सर, कलम सात.

अध्यक्षांनी मला निर्णय होईपर्यंत कुंपणाच्या बाहेर बसायला सांगितलं. खुर्ची त्यांनी स्वतः उचलून दिली. माणूस सुसंस्कृत आहे.

२४ एप्रिल, गुरुवार
जाळीबाहेरून कारभार सुरू. खरं तर इथून जास्त नीट दिसतं. सकाळपासून बारा सूचना ओरडून दिल्या. पान पडलंय, तिसऱ्या लेनची दोरी सैल आहे, कोणीतरी धावतंय. शिट्टी मान हलवते. ऐकू जातंय की नाही कळत नाही.

२८ एप्रिल, सोमवार
दुपारच्या बॅचमधल्या एका लहान मुलीने जाळीतून मला अर्धं बिस्किट दिलं. तिच्या आईने हात मागे ओढला. बोट घालू नकोस, म्हणाली. बिस्किट खाल्लं.

शिट्टीने हस्तपरीक्षा बंद केली. आता रांग नाही, लोक येतात, पोहतात, जातात. गेल्या वर्षी एवढे लोक नव्हते. माझ्या मोहिमेने जो विश्वास निर्माण केला त्याची ही फळं, पण श्रेय कोण देणार.

२ मे, शुक्रवार
बायकोने धरून त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. मी आढेवेढे घेतले, पण शर्ट आधीच घातला होता.

बाहेरच्या खोलीत बसतो न बसतो तोच समोर चौथ्या लेनची बाई! मी टेबलावरचं माहितीपत्रक उघडून तोंडापुढे धरलं. ‘तारुण्यपीटिका: घाबरू नका.’ बाई म्हणाली, तुम्हाला आता कुठल्या पीटिका? मग म्हणाली, चौथी लेन मोकळीच आहे का हो? आणि मग तिची नजर माझ्या हातावर गेली. पत्रक डाव्या हाताने धरायची चूक झाली.

मला वाटलं हसेल. हसली नाही. उठून शेजारी बसली आणि तिचा उजवा हात माझ्या डाव्या हाताशेजारी ठेवला. बराच वेळ पाहिलं. म्हणाली, तुमचं लंबवर्तुळ आहे. माझं वर्तुळ. मी म्हटलं, माझं अजून नवीन आहे, सुधारेल. बायकोने तोंडावर रुमाल धरला.

ही बाई मला पाण्यात पाहते असा माझा समज होता. पण तिने विचारलं ते भलतंच. नऊ वर्षांत मी तुम्हाला पाण्यात कधी पाहिलंच नाही, म्हणाली. पोहता येतं ना? मी म्हटलं, व्यवस्थापनाला अंतर ठेवावं लागतं. तिने पुन्हा विचारलं, पोहता येतं का? तेवढ्यात माझा नंबर पुकारला. या दवाखान्यात वेळेची शिस्त आहे.

डॉक्टर तरुण होत्या. अर्धा मिनिट पाहिलं, कडेवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, खपली नाही, कड गुळगुळीत आहे, गजकर्ण नाही हे. आणि तेच नाव सांगितलं. खात्री केली पाहिजे, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, शंका असती तर कातडीचा तुकडा तपासायला घेतला असता, इथे शंका नाही. हे का होतं ते नक्की माहीत नाही. हात लावून, पाण्यातून, टॉवेलातून कोणाला होत नाही. बहुतेकदा आपलं आपण जातं. काही महिने लागतील, कधी वर्ष-दोन वर्षं.

मी विचारलं, मी काय करायचं? डॉक्टर म्हणाल्या, मलम बंद करा आणि लक्ष देऊ नका, बाकी काही नाही. मी म्हटलं, काही न करण्याची मला सवय नाही. बायकोला खोकला आला.

सर्टिफिकेट तेवढं मागून घेतलं. शिक्का ठळक मारायला सांगितला.

५ मे, सोमवार
सर्टिफिकेट घेऊन ताठ मानेने तलावावर. शिट्टीने फाइल आणली. उघडून माझ्यापुढे ठेवली. सगळ्यात वर बाईचं सर्टिफिकेट. तोच दवाखाना, तेच नाव, तीच सही. खाली लाल शाई. शिट्टीने वाचून दाखवलं: सदर डॉक्टर त्वचेचे आहेत, तलावाचे नाहीत.

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

वाक्य चांगलंच आहे, पण आज तितकंसं वजनदार वाटलं नाही. शिट्टी म्हणाली, सर, तुमचं घ्यायचं तर बाईंचं घ्यावं लागेल, आणि त्यांनी तर नाव काढून घेतलंय. अध्यक्षांना फोन लावला. ते म्हणाले, आधी त्या बाईंकडे जाऊन या, मग बघू.

६ मे, मंगळवार
बाईंकडे गेलो. भाषण तयार होतं. सूर उदार ठेवायचा, ‘झालं गेलं विसरून जाऊ’ अशी सुरुवात करायची, म्हणजे मीच माफ करतोय असं वाटेल. पण घर तिसऱ्या मजल्यावर. दार उघडलं तेव्हा मला फक्त ‘झालं’ एवढंच म्हणता आलं. बाई म्हणाल्या, आधी बसा, आणि पाणी आणून दिलं.

एकट्या राहतात. टेबलावर वह्या होत्या, इमारतीतल्या मुलांना गणित शिकवतात. शिकवायच्या, असं म्हणाल्या. मार्चपासून तिघांनी येणं बंद केलं. त्या दिवशी रांगेत त्यांच्यापैकी एकाची आई होती. मग शेजारीण वाटी परत देताना कट्ट्यावर ठेवून जाऊ लागली, हातात देईना. बाई हे तक्रार म्हणून सांगत नव्हत्या. गणित मांडावं तसं एकाखाली एक सांगत होत्या. पोहणं सुटल्यापासून गुडघा आखडलाय, तेही त्याच सुरात. एवढं होईपर्यंत मला या हाताचं काही वाटत नव्हतं, म्हणाल्या. आता कोणाला काही द्यायचं झालं की डावाच पुढे होतो.

त्यांनी पेला उचलला, तोही डाव्याच हाताने.

मी भाषणाचा पुढचा भाग आठवायला लागलो. आठवेना. मी म्हटलं, बाई, माझं चुकलं.

हे वाक्य इथे नोंदवावं की नाही याचा बराच विचार केला. नोंदवलं.

बाई म्हणाल्या, लेखी द्या. लिहून दिलं. त्यात ‘निष्कारण’ हा शब्द होता. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि कागद घडी करून ठेवला. एकही दुरुस्ती नाही! इमारतीच्या दारावर लावायला आणखी एक प्रत मागितली, सहीनिशी. तीही दिली. जाताना जिन्याखाली स्वतः चिकटवली.

परत यायला तयार आहेत, पण एक अट. मला म्हणाल्या, तुम्ही पाण्यात उतरायचं. मी म्हटलं, अवश्य, मुहूर्त बघून... त्या म्हणाल्या, येतं का? मी म्हटलं, सिद्धांत सगळा येतो. बाई म्हणाल्या, मग उदाहरणं सोडवू.

९ मे, शुक्रवार
कमिटीने कलम सात बदललं. डॉक्टरांचं सर्टिफिकेट ग्राह्य. बदललेला मसुदा मीच लिहिला, म्हणजे सातही कलमं अजून माझीच.

बाई साडेसहाला आल्या. रजिस्टरवर सही करताना रांगेतली एक बाई त्यांच्या हाताकडे बघायला लागली. मी माझा डावा हात रजिस्टरवर त्यांच्या हाताशेजारी ठेवला. मुद्दाम नाही, रजिस्टर सरकत होतं. बाई चौथ्या लेनमध्ये उतरल्या, वीस फेऱ्या, सगळ्या एकाच वेगाने. शिट्टीने एक लांब शिट्टी मारली. कारण नसताना शिट्टी मारू नये असा नियम आहे. आज दुर्लक्ष केलं.

दुपारी बाई म्हणाल्या, तिघांतला एक मुलगा काल वही घेऊन आला.

१२ मे, सोमवार
मुख्य व्यवस्थापकपदी शिट्टी.

अध्यक्ष म्हणाले, नियम आणि अक्कल दोन्ही एकाच वेळी वापरणारं माणूस हवं होतं. मी अभिनंदन केलं. आता मॅडम म्हणायचं का, विचारलं. शिट्टीच चालेल सर, म्हणाली. अजूनही सर म्हणते, यातच सगळं आलं.

तसं पाहिलं तर त्या पदात दगदग फार. दोन तलाव, दोन फाइली. मला विचारलं असतं तर मी नकोच म्हटलं असतं. मनात म्हटलंही होतं. घरी हे सांगितलं. बायको म्हणाली, मग तुझंही अभिनंदन.

१३ मे, मंगळवार
नवा संकल्प: पोहणं. अकरा वर्षं रोज आठ तास बघतोय, म्हणजे नव्वद टक्के झालेलंच आहे. उरलं ओलं होणं.

योजना: आठवडा पहिला, तरंगणे. दुसरा, एक लांबी. तिसरा, दहा लांब्या. जूनअखेर फुलपाखरू स्ट्रोक. पोशाख, टोपी, गॉगल आणले. आरशासमोर घालून पाहिलं. मुलीने फोटो काढला, पुसून टाक म्हटलं. पुसला म्हणाली.

१९ मे, सोमवार
पाणी गार.

२१ मे, बुधवार
पाणी ठीक, पण क्लोरीन नुकतंच टाकलं होतं. मीच टाकलं होतं.

२६ मे, सोमवार
डाव्या कानात काहीतरी वाटतंय. कदाचित उजव्या. बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, डॉक्टर कानाचे आहेत की तलावाचे? हे त्यांना कोणी सांगितलं असेल? फाइल गोपनीय आहे.

३० मे, शुक्रवार
घोट्यापर्यंत उतरलो. समाधानकारक. वर्तुळ मोजलं: चोवीस मिलिमीटर. शेजारी बारीकसं दुसरंही उठतंय. बायकोला दाखवलं. तिने वर्तमानपत्रातून डोकं न काढता बरं म्हटलं. डॉक्टर म्हणाल्या होत्या लक्ष देऊ नका. घरातले सगळे ते फारच मनावर घेतायत.

२ जून, सोमवार
कमरेपर्यंत. बाईंनी वेळ बदलायला सांगितली. सकाळी मोठी माणसं असतात, तुम्हाला लाज वाटते, म्हणाल्या. मला लाज कसली. पण दुपारी चारला पाणी कोमट असतं, म्हणून होकार दिला. चारला सहा वर्षांच्या मुलांची बॅच असते. सात मुलं आणि मी.

५ जून, गुरुवार
तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढणे. मुलांनी दहा काढले. मी अडीच. नाकातोंडात पाणी गेलं. बिस्किटवाली मुलगी त्याच बॅचमध्ये आहे. तिने माझी पाठ थोपटली.

बाई म्हणाल्या, उद्यापासून फळी. फळी म्हणजे हातात धरायचा फोमचा तुकडा. हात लांब, नजर समोर, पंजे मागे ताणलेले, पाय मारायचे की माणूस पुढे जातो. सोपं आहे. मी हे इतरांना ओरडून अकरा वर्षं सांगितलंय.

९ जून, सोमवार
आज करून दाखवायचंच असं ठरवून गेलो. बायको दुकानातून लवकर सुटून बघायला आली होती, मुलीलाही घेऊन. शिट्टी नव्या तलावाचं काम सोडून काठावर उभी. मी म्हटलं, गर्दी कशाला.

आठ जण रांगेत, प्रत्येकाच्या हातात फळी. माझी निळी. पाठीमागची भिंत पाच-सहा हातांवर, उथळ भाग, उभं राहिलं तर पाणी कमरेला. शिट्टी वाजली. मी पाय मारायला सुरुवात केली. पंजे उभे धरून चांगले जोरात मारले. पाणी उडालं, काठावर बायकोपर्यंत गेलं. गॉगलमधून नीट दिसत नव्हतं, पण आपण सरकतोय हे स्पष्ट कळत होतं. पाण्यातला वेग अंगाला जाणवतो. इतक्या वर्षांत हे कोणी मला सांगितलं नव्हतं.

मुलं पुढे गेली. फारच पुढे गेली. मग लक्षात आलं की ती जेवढी पुढे जातायत त्यापेक्षा अंतर जास्त वाढतंय. मी अजून जोर लावला. अंतर अजून वाढलं. बिस्किटवाली मुलगी पलीकडून ओरडली, आजोबा, इकडे! मी आजोबा नाही. पण तोंडात पाणी होतं.

मग टाचांना काहीतरी लागलं. फरशी होती. भिंत. मागची.

बाई चालत माझ्याजवळ आल्या. फळी धरायला हात पुढे केला, उजवा. म्हणाल्या, काय हो, थकलात का?

मी म्हटलं, नाही. पोचलो.